येशू कोण, आणि आम्ही रविवारी का जमतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या चर्चच्या दाराशी उभं राहून येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक द्यायचं, नवा माणूस दिसला तर त्याला जागा दाखवायची, आणि उपासना संपली की चहाला थांबवायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. चहाच्या वेळी प्रश्न निघतात. लग्नाला आलेले शेजारी विचारतात, मुलांचे कॉलेजातले मित्र विचारतात, आणि सगळ्यात अवघड प्रश्न आमच्याच दहावी-बारावीतल्या मुलांचे असतात. ते सगळे इथे लिहून काढले आहेत. उत्तरं माझ्या शब्दांत असली तरी मंडळी जे मानत आली आहे तेच सांगायचा प्रयत्न केला आहे. ख्रिस्ती लोकांमध्येच जिथे एकमत नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

येशू कोण, हे एका वाक्यात सांगता येईल का?

येशू खरा देव आणि खरा माणूस आहे. तो आपल्यासाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि आज जिवंत आहे. यातलं 'आज जिवंत आहे' एवढं गाळलं, तर आमची रविवारची उपासना म्हणजे दर आठवड्याची पुण्यतिथी होईल. पुढची बरीचशी उत्तरं याच तीन शब्दांवर उभी आहेत.

'ख्रिस्त' हे त्याचं आडनाव होतं का?

नाही. नाव येशू. गावात ओळख 'नासरेथकर', 'सुताराचा मुलगा' अशी. मूळ हिब्रू नावाचा अर्थ 'परमेश्वर तारण करतो' असा आहे. त्या काळी हे अगदी घरोघरी आढळणारं नाव होतं, आपल्याकडे एका गल्लीत तीन गणेश असावेत तसं.

'ख्रिस्त' ही पदवी. हिब्रूतल्या 'मशीहा' शब्दाचं ते ग्रीक रूप, आणि अर्थ 'अभिषिक्त'. इस्राएलात राजाच्या आणि याजकाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला नेमत असत. राज्याभिषेक म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे 'येशू ख्रिस्त' असं नुसतं म्हटलं तरी त्यात एक कबुली येते: ज्या राजाची वाट पाहिली जात होती तो हाच.

येशू एक थोर संत होता, मोठा गुरू होता, एवढं मानलं तर काय अडतं?

हा प्रश्न विचारणारा माणूस मनापासून आदराने बोलत असतो, म्हणून मी आधी त्याचे आभार मानते. डोंगरावरचं प्रवचन वाचून गांधीजींसारखा माणूस भारावून गेला, ते उगाच नाही. येशू गुरू होताच. त्याचे शिष्य त्याला 'रब्बी' म्हणजे गुरुजी म्हणूनच हाक मारत.

अडचण दुसरीकडे आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूम गावात एका घरात येशू बोलत होता. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चार जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून घेऊन आले, आत शिरता येईना, तेव्हा ते छपरावर चढले आणि छप्पर उकरून त्यांनी ती बाज खाली सोडली. संडे स्कूलमध्ये शहरातल्या मुलांना हे पटत नाही. नगर किंवा मराठवाड्याकडच्या मुलांना मात्र लगेच पटतं, कारण त्यांनी आजोळी धाब्याचं घर पाहिलेलं असतं. लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर पांढरी माती. बाहेरून जिना असतो आणि कुदळ लागली तर छप्पर उकरता येतं. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडत असणार. घरमालकाचं काय झालं असेल, असा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात.

येशूने त्या माणसाला आधी बरं केलं नाही. आधी म्हणाला, "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथे बसलेले शास्त्री मनात चरकले: देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत तर क्षमा मी करायची. रस्त्याने जाणाऱ्या तिसऱ्याने येऊन "जा, मी तुला माफ केलं" म्हणायचं कारण नाही. त्या लुळ्या माणसाने येशूचं काही बिघडवलेलं नव्हतं. तरीही येशू असा बोलला, जणू माणसाच्या प्रत्येक पापात ज्याचा अपराध होतो तो तोच आहे.

नुसता गुरू असं बोलत नाही. तो म्हणतो, देव क्षमा करील, त्याच्याकडे जा. येशू म्हणतो, माझ्याकडे या. संत वाट दाखवतो. हा म्हणतो, वाट मीच आहे. म्हणून शास्त्र्यांपुढे जो पेच होता तोच आपल्यापुढे आहे. हे बोलणं खोटं असेल तर त्याला थोर संतही म्हणता येणार नाही. खरं असेल तर संत हा शब्द अपुरा पडतो.

'देवाचा पुत्र' म्हणजे देवाला बायको होती, मूल झालं, असं का?

अजिबात नाही. शारीरिक अर्थाने असं म्हणणं आम्हालाही चुकीचंच वाटतं. पुत्र या शब्दात दोन गोष्टी आहेत. माणसाचं मूल माणूसच असतं, तसा देवाचा पुत्र देवच आहे, त्याच स्वरूपाचा. आणि बाप-लेकात जी माया असते ती या नात्यात अनादी काळापासून आहे. पुत्र नव्हता असा क्षण कधी नव्हता. योहानाचं शुभवर्तमान यासाठी दुसरा शब्द वापरतं: प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता आणि शब्द देव होता. मनातला विचार आणि ओठावरचा शब्द वेगळे ओळखता येतात, पण तोडता येत नाहीत. पुढे तोच अध्याय सांगतो की हा शब्द देही झाला आणि आमच्यात येऊन राहिला.

मग हा अवतारच ना? आमच्यातही देव अवतार घेतो.

चहाच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि मला तो आवडतो, कारण विचारणाऱ्याला निम्मं आधीच कळलेलं असतं. देव माणसांपासून लांब बसून राहत नाही, तो खाली येतो, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला पटवून द्यावी लागत नाही. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा देव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना येशू समजायला पश्चिमेकडच्या कित्येकांपेक्षा सोपं जातं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरी आम्ही 'अवतार' न म्हणता 'देहधारण' म्हणतो. त्याची कारणं आदराने सांगते. अवतार युगायुगात होतात. येशूचं येणं एकदाच आणि कायमचं. अवताराचं कार्य संपलं की रूप सोडलं जातं. येशूने माणूसपण सोडलेलंच नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना दिसला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. आज पित्याच्या उजवीकडे जो आहे तोही माणूसच आहे, वणांसकट. तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यात जवळचं. गीतेत साधूंचं रक्षण आणि दुष्टांचा नाश हे अवताराचं प्रयोजन सांगितलं आहे. येशू म्हणाला, मी नीतिमानांना नाही, पाप्यांना बोलवायला आलो आहे. मी कोणत्या बाजूला उभी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य ऐकलं की मला हायसं वाटतं.

पिता, पुत्र, पवित्र आत्मा: म्हणजे तीन देव झाले ना?

एकच देव. येशू यहुदी घरात वाढला. "परमेश्वर आपला देव अनन्य परमेश्वर आहे" ही कबुली यहुदी लोक रोज म्हणतात, आणि येशूने तीच सर्वात मोठी आज्ञा म्हणून सांगितली. त्याचे पहिले अनुयायीही सगळे यहुदी, मूर्तीसमोर डोकं टेकण्यापेक्षा मरण पत्करणारे. अशा लोकांनी एका सुताराला 'प्रभू' म्हणून नमन केलं, तेव्हा त्यांनी दुसरा देव जोडला नाही. एकच देव आपल्याला समजला होता त्याहून खोल आहे, असं त्यांना कळून आलं. पाणी-बर्फ-वाफ, सूर्य-प्रकाश-उष्णता असे दाखले लोक देतात. मी मुलांना ते देत नाही, प्रत्येक दाखला कुठेतरी चुकीच्या वाटेला नेतो. त्याऐवजी मी सांगते, प्रार्थना करताना काय घडतं ते बघ. तू पित्याशी बोलतोस, पुत्राच्या नावाने बोलतोस, आणि बोलावंसं वाटणं हेच आत्म्याचं काम असतं. तिघांच्या मध्ये तू बसलेला असतोस.

येशू देव आहे हे ३२५ साली एका परिषदेत मतं घेऊन ठरवलं, असं वाचलं होतं. खरं काय?

परिषद खरी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या निकया गावी, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेली. २०२५ मध्ये तिला १७०० वर्षं झाली आणि जगभरच्या मंडळ्यांनी तिची आठवण केली. पण तिथे प्रश्न 'येशूला देव म्हणून भजायचं का' हा नव्हता. ते आधीच चालू होतं. आलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मवडील शिकवत होता की पुत्र फार थोर खरा, पण तोही निर्माण केलेलाच, तो नव्हता असा एक काळ होता. परिषदेने म्हटलं, नाही: पुत्र निर्मिलेला नाही, पित्याशी एकच तत्त्व असलेला, देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश. अगदी थोडे सोडून सगळ्या बिशपांनी त्यावर सह्या केल्या. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला या मजकुराला पूर्ण रूप आलं, आणि आम्ही तो विश्वासांगीकार आजही उपासनेत उभं राहून म्हणतो.

आता निकयाच्या दोनशे वर्षं मागे जा. साधारण ११२ साल. काळ्या समुद्राकाठच्या बिथुनिया प्रांताचा रोमी अधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं काय करू? हा माणूस मंडळीचा मित्र नव्हे. त्याने दोन दासींचे हाल करून चौकशी केली होती, आणि त्या मंडळीत सेविका होत्या. त्याला कळलं ते एवढंच: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, आणि पुन्हा जमून साधं जेवण जेवतात.

त्याच्याही आधी, पहिल्या शतकाच्या मध्यावर, येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि वधस्तंभाच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. बऱ्याच अभ्यासकांना या ओळींत एक जुनं गीतच दिसतं, पौलाने लिहिण्याआधीपासून गायलं जाणारं.

म्हणजे क्रम असा होता: आधी गाणं, मग व्याख्या. पहाटेच्या अंधारात गाणाऱ्या त्या दासींनी 'तत्त्व', 'स्वरूप' हे शब्द ऐकलेही नसतील. बिशपांनी दोनशे वर्षांनी जे लिहून काढलं ते त्या बायका गातच होत्या. येशूची ओळख आणि रविवारची उपासना हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी म्हणते ते यासाठी. या पानावर दोन्हींचे प्रश्न एकत्र ठेवले तेही यासाठीच.

देव असेल तर तो थकला कसा, रडला कसा, मेला कसा?

कारण तो खराखुरा माणूस झाला. माणूस झाल्याचं सोंग त्याने घेतलं नाही. तो होडीत उशाला टेकून झोपून गेला, आणि त्याच होडीत उठून त्याने वादळाला गप्प केलं. आपला मित्र लाजार मेला तेव्हा त्याच्या थडग्यापाशी तो रडला, आणि तिथेच त्याने लाजारला हाक मारून बाहेर बोलावलं. ४५१ मध्ये खल्कदोन इथल्या परिषदेने हे नेमक्या शब्दांत मांडलं: एकच ख्रिस्त, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. ज्याने रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून काढली आहे, त्याला या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तिथे ज्याला हाक मारायची तो स्वतः कण्हलेला आहे.

तुम्ही येशूला अरे-तुरे का करता? 'ते म्हणाले' का नाही म्हणत?

तुकोबा विठोबाला काय म्हणतात? 'तू'च ना. आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही म्हणतो. मराठी बायबलातही येशूसाठी 'तो' आहे. त्यात अनादर नाही, जवळीक आहे. कोणी आदराने 'ते' म्हटलं तरी आम्हाला वावगं वाटत नाही.

हा परदेशी देव नाही का?

येशू आशियातला, पश्चिम आशियातल्या एका खेड्यातला. युरोपनेही त्याला बाहेरूनच स्वीकारलं. केरळातल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते की त्याचा शिष्य थोमा पहिल्याच शतकात तिथे आला. मराठीतलं म्हणाल तर १६१६ साली गोव्यात राशोलला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण येशूची कथा त्यांनी ओवीत सांगितली, जवळपास अकरा हजार ओव्यांत, आणि सांगताना मराठी भाषेचं तोंड भरून कौतुक केलं.

पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्यामुळे आमच्या उपासनेत अभंग आणि भजन आलं. आज मराठी मंडळीत हार्मोनियम, तबला आणि टाळ यांवर त्यांची गीतं गायली जातात, तेव्हा नवा माणूस माझ्याकडे वळून विचारतो, "हे तर आपलंच आहे की?" हो, आपलंच आहे.

चर्चमध्ये नेमकं काय चालतं?

सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून लिहिताना उपासनेचं वर्णन केलं. रविवारी शहरातले, खेड्यातले सगळे एका ठिकाणी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग अध्यक्ष बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि द्राक्षारस पुढे आणला जातो, उपकारस्तुती होते, लोक 'आमेन' म्हणतात, प्रत्येकाला वाटा मिळतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे तो पोचवला जातो. ऐपत असलेले दान देतात. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांना मदत होते.

येत्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल. गीत, पापांची कबुली, शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगीकार, इतरांसाठी प्रार्थना, दानार्पण, महिन्यातून निदान एकदा प्रभुभोजन, शेवटी आशीर्वाद. कॅथोलिक चर्चमध्ये याला मिस्सा म्हणतात आणि तिथे भाकर-द्राक्षारस प्रत्येक मिस्सेत असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली, म्हणून आज वसईत ती मराठीत ऐकायला मिळते.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, लोक देवासाठी काहीतरी करत आहेत. क्रम नीट पाहिलात तर उलट दिसतं. आम्ही कबुली देतो, तो क्षमा देतो. आम्ही गप्प बसतो, तो वचनातून बोलतो. आम्ही रिकामे हात पुढे करतो, तो भाकर ठेवतो. बोलावणारा तो आणि वाढणाराही तोच. दान तेवढं आमच्याकडून जातं, तेही मुळात त्यानेच दिलेलं. खेड्यातल्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला हे डोळ्यांना दिसतं: वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव.

रविवारीच का?

येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून. यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस शनिवार. कोकणातल्या बेने इस्राएली यहुद्यांना 'शनवार तेली' म्हणत ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच. पहिले ख्रिस्ती यहुदीच होते, तरी ते पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमू लागले. तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ती ३२१ मध्ये दिली. त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षं लोक कामाच्या दिवशीच जमत होते.

प्रभुभोजन म्हणजे काय? प्रसाद का?

थोडं सविस्तर सांगते. आमच्याकडे आदल्या रात्री काळे मनुके भिजत घालतात. सकाळी ते उकळून, कुस्करून, स्वच्छ फडक्यातून गाळतात. दारू नको म्हणून बऱ्याच मराठी मंडळ्यांत अशीच पद्धत आहे. पावाच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. तबकात काचेचे इवलेसे पेले भरताना हात थरथरला तर पेले एकमेकांवर किणकिणतात. तो आवाज माझ्या कानात लहानपणापासून बसला आहे. माझी आई हे काम करायची, आता मी करते. वस्तू अगदी साध्या, मनुके आणि पाव.

पकडून नेलं त्या रात्री येशूने भाकर घेतली, आभार मानून मोडली आणि म्हणाला, हे माझं शरीर आहे, ते तुमच्यासाठी आहे. माझ्या स्मरणार्थ हे करा. प्याल्याविषयीही तसंच. एका अर्थी येशू कोण याचं सगळं उत्तर त्या ताटात आहे. ज्याने सगळं निर्माण केलं तो स्वतःला मोडून वाढतो.

ती भाकर म्हणजे नेमकं काय, यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. कॅथोलिक शिकवण अशी की ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. प्रॉटेस्टंटांपैकी काही म्हणतात की ख्रिस्त तिथे आत्मिक रीतीने हजर असतो, काही तिला स्मरण मानतात. मी मोठी धर्मपंडित नाही. पेला ओठाला लागतो तेव्हा तो तिथे आहे, एवढं मी जाणते.

प्रसाद सगळ्यांना वाटतात, प्रभुभोजन मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, कारण ते घेणं म्हणजे त्याच्याशी केलेला करार मान्य करणं. तुम्ही पाहुणे असाल तर जागेवर बसून राहा, कोणालाही खटकणार नाही.

मी घरी प्रार्थना करतो. चर्चला गेलंच पाहिजे का?

घरी प्रार्थना जरूर करा, येशूही एकटा डोंगरावर जात असे. पण शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, आला की तो आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे यहुद्यांच्या सभास्थानात जायचा, असंही लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. ज्याला सगळं ठाऊक होतं, तोही बाकावर बसून ऐकायचा.

मला थोमाची गोष्ट आठवते. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते, येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. थोमा त्या दिवशी नव्हता. नंतर सगळ्यांनी त्याला सांगितलं, पण त्याला पटेना. आठ दिवसांनी पुन्हा सगळे जमले, यावेळी थोमा होता, आणि येशू पुन्हा आला. तेव्हा थोमा म्हणाला, "माझा प्रभू व माझा देव!" चारही शुभवर्तमानांत येशूविषयी इतकी स्पष्ट कबुली दुसरी नाही, आणि ती एका शंका घेणाऱ्याच्या तोंडून, चार लोकांत बसलेला असताना आली. शंका असतील तर येऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही गोष्ट सांगते.

आपल्या भाषेने आम्हाला एक छान शब्द दिला आहे, 'मंडळी'. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ 'बोलावून जमवलेले लोक', पण मराठीत 'घरची मंडळी' म्हटलं की जो जिव्हाळा येतो तो त्यात भर घालतो. इमारतीला चर्च म्हणा. मंडळी म्हणजे माणसं.

मग मोबाईलवर उपासना पाहिली तर?

२०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा आम्हीही तेच केलं. आमच्या मंडळीतल्या एक आजी डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनसमोर डोक्यावर पदर घेऊन बसत आणि आशीर्वादाच्या वेळी उभ्या राहत. आता त्यांना जिना उतरवत नाही. महिन्यातून एकदा पाळकसाहेब लहानशा पेटीत भाकर आणि पेला घेऊन त्यांच्याकडे जातात, आम्ही दोघी-तिघी सोबत असतो, त्यांच्या खाटेभोवती एक गीत म्हणतो. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे वाटा पोचवायचा, हे जस्टिनच्या काळापासून चालत आलं आहे. येऊ शकणाऱ्यांनी यावं. भाकर पडद्यातून हातात देता येत नाही.

दर आठवड्याला तेच तेच शब्द म्हणून कंटाळा येत नाही?

कधी कधी येतो. पण माझे वडील शेवटच्या आजारात आमची नावं विसरले होते, आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला सुरुवात केली की शेवटपर्यंत आमच्याबरोबर म्हणत. रविवारमागून रविवार जे तोंडी बसलं होतं, तेच शेवटी हाताशी राहिलं.

मी ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल का? धर्म बदलायला सांगाल का? पैसे द्यावे लागतात का?

चालेल, दार सगळ्यांना उघडं असतं. कोणी तुमच्याकडून काही लिहून घेणार नाही. विश्वास दबावाने किंवा आमिषाने येतच नाही. तसा आणलेला विश्वास येशूलाही नको. दानाची पिशवी पुढे आली तर तशीच पुढे सरकवा, ते मंडळीच्या लोकांचं काम आहे.

पहिल्यांदा येताना काय लक्षात ठेवावं?

रोजचे स्वच्छ कपडे पुरेत. खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये चपला बाहेर काढतात आणि बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. शहरात बहुधा असं नसतं. दाराशी काय दिसतं ते बघून तसं करा. लोक उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. भिंतीवरच्या फळीवर आकडे लिहिलेले असतात, ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. मूल रडलं तर संकोचू नका, मागच्या बाकावर आमची नातवंडंही रडतच असतात. दहा मिनिटं आधी आलात तर बरं, म्हणजे पुस्तक देऊन पहिलं गीत काढून देता येतं. उपासना संपली की लगेच निघू नका. चहा बाहेर आंब्याच्या झाडाखाली असतो, आणि तुमचा प्रश्न या पानावर नसेल तर तो तिथे विचारा.